आळ बारा व्होल्टवर

तुमची राख सावडून माणसं घरी आली, हातपाय धुतले, ओसरीवर टेकली, आणि चहा बाहेर यायच्या आत गावानं निकाल देऊन टाकला: हवालदाराला बारा व्होल्टनं खाल्लं.

खाल्लं म्हणे! बॅटरी म्हणजे काय वाघ आहे का? एकजण सांगत होता, रोज त्या बारामध्ये हात घालून घालून माणसाची छाती आतनं पोकळ होत जाते. दुसरा त्याच्यावर कडी करून म्हणाला, "आन एवढं करून येळंला गाडी चालू झाली का? सहाची हुती तवा कशी बी का हुईना, व्हायची." आणि या सगळ्या शहाण्यांच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, तुमचे थोरले भाऊ, आपले दादा, मान हलवत होते. "मी म्हनत हुतो. मी पयल्यापासनं म्हनत हुतो." मी दाराआड उभी. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. तुम्हाला कशाचंही हसू यायचं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. हातात चहाचं पातेलं होतं, ते तसंच ओसरीवर आपटावं असं वाटलं. आपटलं नाही. आत जाऊन चुलीसमोर बसले आणि तुमच्याशीच भांडायला लागले. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना लिहायला लावते, आज मी लिहिते.

एकाहत्तरची लढाई संपली आणि तुम्ही पेन्शनीत आलात. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेलेली, घरी आल्यावर तुमच्या हातांना चैन पडेना. वाटलं होतं, विहिरीवर लक्ष घालाल, मळ्यात बसाल. कसलं काय! लिलावातनं जुनी लष्करी जीप घेऊन आलात. हिरवा रंग उडालेला, छत फाटलेलं, आणि तोंडभर हसत तुम्ही म्हणालात, "मास्तरीण, हिला रस्ता लागत न्हाई." मी लोणंदची, रेल्वेच्या गावातली. मला गाडी म्हणजे रुळावरून वेळेवर जाणारी माहीत. ही गाडी वेळेवर तर सोडाच, थंडीच्या दिवसांत सकाळी चालूच व्हायची नाही.

सहा व्होल्टची होती ती. तुम्ही मला पाटीवर चित्र काढून समजावलं होतंत. गार पडलेलं इंजिन फिरवायला सेल्फच सगळी ताकद ओढून घेतो, मग ठिणगीसाठी उरतं काय? डोंबल! प्लगात एक लालसर, मेलेली ठिणगी पडायची. मग हँडल. हँडल मारून मारून तुमचा उजवा खांदा उतरला होता, मी तेल चोळायची. वरच्या वस्तीवरची सून अडली होती ती सकाळ आठवते ना? आपल्या गावाची एसटी ओढ्याच्या पलीकडेच थांबते, ओढ्यातनं पार होणारी मोटार फक्त आपली जीप. आणि ती जीप हूं की चूं करेना. गडीमाणसांनी उतारावर ढकलत नेली तेव्हा कुठे ती खोकत खोकत सुरू झाली. वडूजच्या दवाखान्यात पोचलो, बाई वाचली, मूलही वाचलं. गाव तुमचं कौतुक करत होतं आणि तुम्ही तोंड पाडून बसला होतात. "थोडा उशीर झाला असता तर?" एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही ठरवलंत, सहाचं बारा करायचं.

हे गावाला आठवत नाही. ज्या बाराच्या नावानं आता शंख करतात, ते कुणासाठी घातलं होतं? तुम्हाला काय त्या जीपमधून शर्यती मारायच्या होत्या?

दादांनी तेव्हा थयथयाट केला होता. "सरकारनं सहाची केली, तू बाराची करनारा कोन रं? बैलाला दोन शिंगं हायती म्हनून तू चार लावनार हाईस व्हय?" तुम्ही हसलात. "दादा, शिंगं तेवढीच ठेवतो. नुसता खुराक वाढवतो." दादा उठून गेले, पण तुम्ही सांगलीला निघालात तेव्हा भाकरी त्यांनीच बांधून आणून दिली.

सांगलीचे ते दिवस मी कुणाला देणार नाही. विश्रामबागेत माझ्या मावशीकडे उतरलो. दस्तगीरभाईंचं बॅटरी-इग्निशनचं दुकान तिथनं पायी जाण्याजोगं. तुम्ही दोघं बाप्ये जीपच्या बॉनेटखाली डोकी घालून उभे, आणि मी बाकावर बसून वही तपासत होते. शेवटी वही ठेवली आणि मीही डोकं आत घातलं. नवी बॅटरी, नवी कॉइल, डायनामो, ठिणगी पाडणारे पॉइंट, सगळं नवं. समोरच्या चाळीतल्या बायांना मोठं नवल वाटलं होतं, इंजिनात डोकं घालणारी मास्तरीण बघून. काम झाल्यावर तुम्ही एक प्लग काढलात, वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवलात आणि दस्तगीरभाईंना म्हणालात, "मारा सेल्फ." टचटच आवाज झाला. तुम्ही मला दंडाला धरून जवळ ओढलंत, चारचौघांत, दुकानात! "बघ मास्तरीण. निळी हाय." मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. ठिणगी मला नीट दिसलीच नाही, पण हो म्हणाले.

त्यानंतर जीप बटण दाबलं की सुरू. थंडी असो, पाऊस असो. साप चावलेला माणूस, झाडावरनं पडलेला माणूस, बाळंतीण, तुम्ही कुणाला नाही म्हणाला नाहीत. आणि मला शिकवलंत चालवायला. गाव बघत होतं, तुम्ही शेजारी बसून सांगत होतात, "गावाकडं बघू नगंस, रस्त्याकडं बघ." त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असतात.

भांडणं काय कमी होती का? ठिणगी किती लवकर पडावी यावरनं तर रोजच. तुम्ही ती पुढे ओढून ठेवायचात, गाडी पळायची जोरात, पण चढाला इंजिन आतनं टकटक वाजायचं. मी म्हणायची, "अहो, तिला सोसत नाही, थोडी मागे घ्या." तुमचं उत्तर ठरलेलं. "सोसत न्हाई न्हवं, बोलतीया ती." अहो, बोलते तर दुखतंय म्हणून बोलते ना! दस्तगीरभाईंनासुद्धा मी विचारलं होतं, ते दोघांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, नवराबायकोच्या मधे मी पडत नाही. ते भांडण तसंच राहिलं. मी बरोबर होते. आता तुम्ही नाही, कोण कबूल करणार?

दादांबद्दल सांगते. दादांनी बाराला शिव्या दिल्या, पण जीपला कधी दिल्या नाहीत. जीप त्यांच्या लेखी दावणीचं जनावर होती. दर बेंदराला बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल घातली, की जीपचा नंबर. तुम्ही शेजारी उभे असायचात. "दादा, वरनंच हां. बॉनेट उघडायचं न्हाई." मग हळदकुंकू, नारळ, दिव्यांच्या काचांना झेंडूच्या माळा, आणि बॉनेटवर पुरणपोळी. बैलांना पोळी चारायची तशी हिला ठेवायची. पोळी कुत्री खायची, दादा कुत्र्यांना हाकलायचे आणि तुम्ही हसून हसून बेजार.

यंदाच्या बेंदराला तुम्ही पॉइंट आणायला सांगलीला गेला होतात. सणाला जाऊ नका म्हणून मी सांगितलं होतं. संध्याकाळी एसटीनं आलात, दमलेले, घामानं भिजलेले, ओढ्यापासून चालत. अंगणात जीप उभी होती, माळा घातलेली, लखलखीत. दादा म्हणाले, "बघ, कशी धुतलीया." तुम्ही त्यांच्या पाया पडलात, पोळी खाल्लीत आणि लवकर आडवे झालात. मला वाटलं, प्रवासानं शिणले.

सकाळी चहाचा कप तुमच्या हातातनं सुटला. छातीवर हात, तोंड पांढरं. मी किल्ली घेऊन धावले. सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरत होतं, जोरात फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. बॅटरीच्या वायरी हलवून बघितल्या, कॉइलची बघितली, पुन्हा मारला. नाही. जे बघायला हवं होतं ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि त्याचं खापर मी स्वतःच्या डोक्यावर फोडून घेणार नाही. नवरा खाटेवर तडफडत असताना कुणाला काय सुचतं ते ज्यांनी त्यांनी आपल्यापुरतं सांगावं. तोवर दादांनी गाडीला बैल जुंपले होते. "सोड तिचा नाद! बारानं दगा दिला!" म्हणत त्यांनी तुम्हाला लेकरासारखं उचललं. रंगवलेल्या शिंगांचे बैल, गळ्यात अजून घुंगरं, आणि त्या गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर.

ओढा यायच्या आधी तुम्ही डोळे उघडलेत. आवाज नव्हताच, नुसता वारा. "दादा... आतनं बी धुतलीस?"

दादा पुढे बसून रडत बैल हाणत होते. वळून म्हणाले, "व्हय रं माज्या राजा. बॉनेट उघडून घागरीनं धुतली. बैलाला पोटाखालनं बी धुवावं लागतंय न्हवं? पार चकचकीत केली तुझ्यासाठी."

तुम्ही डोळे मिटलेत. मला त्या क्षणी सगळं कळलं. ती काळी टोपी, चारी प्लगांना ठिणगी वाटून देणारी, तिच्यात पाणी गेलं होतं. बारा व्होल्ट असोत की शंभर, आत पाणी असल्यावर ठिणगी प्लगापर्यंत पोचणार कशी? कोरडं फडकं फिरवलं असतं तर जीप सुरू झाली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुमची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. "दादाला सांगू नगंस. त्येनं मायेनं धुतलीया."

ओढा ओलांडला तेव्हा तुम्ही नव्हतात.

आता सांगा, हा न्याय झाला का? मरता मरता तुम्हाला भावाची काळजी. माझी? मी काय लाकडाची आहे? तुमचे शेवटचे शब्द मला मिळाले आणि तेसुद्धा दुसऱ्यासाठी! मी तुमच्याजवळ बसले होते, तुमच्या मागे राहणारी मी होते, आणि तुम्ही माझ्या तोंडाला कुलूप लावून गेलात. तिकडे ओसरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला दादा सांगत होते, बारानं माझा भाऊ खाल्ला. पाहुणे मान डोलवत होते. जे तुम्ही लोकांचे जीव वाचवायला केलंत, त्यालाच खुनी ठरवलं या लोकांनी. आणि मी, जिला खरं माहीत, ती आत चहा गाळत होते! किती वेळा दारापर्यंत गेले. एक वाक्य पुरलं असतं. दादा, तुमच्या घागरीनं झालं. बस्. सगळ्यांची तोंडं बंद. पण दादांकडे बघितलं की दिसायचं, माणसानं अन्न सोडलंय. तुम्हाला वडिलांच्या मागे त्यांनी वाढवलेलं. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी त्याच विहिरीचा रस्ता धरला असता जिथनं ती घागर भरली होती. तरीही, खरं सांगते, असे दोनतीन क्षण आले की मला वाटलं, धरेनात का! एवढा संताप होता माझ्या पोटात.

मग दिवस झाल्यावर दादांनी नवीनच काढलं. बारा काढून टाकायचं, जीप पुन्हा सहाची करायची, म्हणजे तुमच्या आत्म्याला शांती. दस्तगीरभाईंना एसटीच्या ड्रायव्हरकडनं निरोप गेला. भाई बिचारे तुमच्यासाठी येणारच होते, आले. मला बघून रुमालानं डोळे टिपले. अंगणात निम्मं गाव जमलं होतं, तमाशा बघायला जमतं तसं. मी डोक्यावरनं पदर घेऊन सरळ जीपजवळ गेले आणि म्हणाले, "कोणी हात लावायचा नाही हिला."

"तू गप बस," दादा म्हणाले. "भाई, काढा ते अवलक्षनी."

"काढायचं की नाही ते मागनं बघू, दादा," भाई म्हणाले. "आधी बिघडलं काय ते तर बघू दे मला. माझ्या हातचं काम हाय ते."

मी काही बोलायच्या आत त्यांनी बॉनेट वर केलं. क्लिपा सोडल्या, काळी टोपी काढली आणि तळहातावर उलटी धरली. आतल्या पितळी टोकांवर हिरवट थर चढला होता, कडेला हळद वाळून चिकटली होती. भाई ती बोटानं खरवडून बघत राहिले. मग मान वर केली. "ह्यावर पाणी कुणी मारलं?"

जमलेली माणसं दादांकडे बघायला लागली.

"म्या," दादा म्हणाले. "बेंदराला. का?" दादा एक पाऊल पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवत होतं. "का वो भाई? त्येनं झालं व्हय?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अहो, हाच तो क्षण होता ज्याच्यासाठी मी चुलीपुढे बसून दात खात होते. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प राहिले असते तरी दादांना उत्तर मिळालं असतं. दादांचा खालचा ओठ थरथरत होता, अगदी तुमचा थरथरायचा तसा. एवढा मोठा म्हातारा, आणि शाळेत चूक पकडलेल्या पोरासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही दादा," मी म्हणाले. "तेवढ्याशा पाण्यानं काय होतंय? ते लगेच वाळून गेलं. कॉइलची वायर सैल होती. यांनीच लावली होती, आवळायची राहिली यांच्या हातनं."

"खरं?"

"मी स्वतः बघितली. मी शिकलेय ना हे सगळं त्यांच्याकडनं."

भाईंना कळलं. त्यांनी मान खाली घातली, फडक्यानं टोपी आतनं घासून साफ केली, बसवली. मग पाना घेतला आणि कॉइलची जी वायर मुळात सुटलीच नव्हती, ती सगळ्यांच्या देखत आवळली. "लय सैल हुती," म्हणाले. मी आत बसून सेल्फ मारला. अर्धा फेराही झाला नसेल, जीप सुरू झाली. ठिणगी तशीच, तुमच्या हट्टानं पुढे ओढलेली. दादा बॉनेटवर हात ठेवून ढसाढसा रडायला लागले. "म्हंजी बाराचा काय दोष न्हाई."

"नाही."

"एवढा मोठा मिस्त्री आन एक वायर आवळायची ऱ्हायली बघा त्येच्याकडनं."

"हो दादा."

त्या संध्याकाळी दादा जेवले. जाऊबाईंनी आत येऊन मला मिठी मारली, म्हणाल्या, घास गेला ग त्यांच्या पोटात. दस्तगीरभाई जाताना फाटकापाशी थांबले आणि एवढंच बोलले, "भाभी, त्यांनी कधी एक नट सैल सोडला नाही." मी म्हणाले, मला माहीत आहे, तुम्हीही विसरून जा.

आणि गाव? गावाला काय, तोंडात चघळायला काहीतरी हवं. आता बारा व्होल्टचं नाव कोणी काढत नाही. आज सकाळी पाण्यावर दोघी बोलत होत्या, हवालदार तसा कामाला सैलच होता म्हणे, स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. मी हंडा भरला आणि घरी आले. मीच पेरलंय ते. उद्या त्या वस्तीवरच्या लोकांचा निरोप आला तर जीप मीच घेऊन जाईन, आणि मागे बसणारा विचारेल, बाई, वायरी नीट बघितल्या ना?

जन्मभर मी तुमच्या बाजूनं भांडले, दादांशी, गावाशी, माझ्या माहेराशी. आणि तुम्ही गेल्यावर भर अंगणात तुमच्याविरुद्ध साक्ष दिली ती मीच, तीही खोटी, आणि सगळ्यांनी ती लगेच खरी मानली, कारण बायको बोलत होती. तुमचा भाऊ जगला. तुमचं बाराचं काम तसंच राहील. फक्त तुमचे हात मी बदनाम केले, ज्या हातांसारखे हात मी दुसरे बघितले नाहीत. असलं काम बायकोच्या गळ्यात घालून माणसानं जाऊ नये हो.